पाय दाखव, म्हस्के

संभाजीनगरहून परत आल्यापासून आमच्या मंडळातल्या बायका एकच प्रश्न विचारताहेत, "वेरूळ पाहिलं का?" नाही पाहिलं. अजिंठाही नाही. मकबरा पाहिला, तोही रिक्षातून जाताना, लांबून, घुमट तेवढा. दोन दिवसांसाठी म्हणून गेलेली मी जवळजवळ दोन आठवडे तिकडे राहिले आणि एक जीप, एक दोर आणि पुष्कळ पाय पाहून आले. तुमच्यापैकी कुणाला लेण्यांची माहिती हवी असेल तर त्यांनी दुसरं कुणीतरी लिहिलेलं वाचावं, मी अडवणार नाही.

आमचे हे फौजेत होते. कर्नल म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सध्या साताऱ्यात बागेतल्या कुंड्यांवर हुकूम सोडतात. पंचवीस वर्षांपूर्वी ते एका पलटणीचे प्रमुख होते, आणि प्रमुखाची बदली झाली की त्याला निरोप देण्याची फौजेत एक रीत आहे. त्याची जीप फुलांनी सजवतात, पुढे जाड दोर बांधतात, इंजिन बंद ठेवतात आणि जवान ती जीप हातांनी ओढत पलटणीच्या फाटकाबाहेर नेऊन सोडतात. नावडत्या साहेबाचीही ओढतात, रीत आहे म्हणून. पण नावडत्याच्या जीपला वेग जास्त असतो, असं फौजेतल्या बायका आपापसात म्हणतात.

ह्यांची जीप ओढायची राहिली. बदलीच्या तीन महिने आधी गस्तीवर असताना नायक साळूबा म्हस्के याचा पाय सुरुंगावर पडला आणि गुडघ्याखालून गेला. गस्तीचा नेहमीचा रस्ता त्या दिवशी ह्यांनी बदलला होता. म्हस्के दवाखान्यात असतानाच बदलीचा कागद आला. निरोपाच्या सकाळी जीप झेंडूच्या माळांनी लदबदलेली, दोर अंथरलेला, जवान दोन्ही बाजूंना उभे. हे जीपपाशी आले, दोराकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हस्के दोर ओढायला येईल त्या दिवशी ओढा." आणि चालत फाटकाबाहेर गेले. त्यांच्या मागून मी, उंच टाचांचे सँडल घालून, खडीवरून, हातात पर्स. त्या दिवशी मला ह्यांचा अभिमान वाटला होता, आणि रागही तितकाच आला होता.

ह्यांच्या लेखी ते बोलणं म्हणजे नकार होता. जवानांनी मात्र तो हुकूम समजून जपून ठेवला.

त्या पलटणीतली बरीच मुलं संभाजीनगरजवळच्या फुलंब्री तालुक्यातली. हे निवृत्त झाल्यापासून दर दिवाळीला तिकडून फोन यायचा, "साहेब, एकदा या." हे म्हणायचे, "बघू." पंधरा वर्षं मी ते 'बघू' ऐकलं. यंदा डिसेंबरात फोन आला तो म्हस्केचाच. फोन मी उचलला होता, म्हणून शब्द न शब्द लक्षात आहे. "मेमसाब, नायक म्हस्के बोलतो जी. साहेबाला सांगा, आता म्या दोर ओढू शकतो. कवा येता?" मी फोन ह्यांच्या हातात दिला. पहिल्यांदाच ह्यांना 'बघू' म्हणता आलं नाही.

फुलंब्री

आम्ही उतरलो ते सुभेदार गाडेकरांकडे. गाडेकर त्या पलटणीतले सगळ्यांत वडीलधारे, आता फुलंब्रीत घर बांधून राहिलेले. पलटणीतली निम्मी माणसं शेंद्र्याच्या कारखान्यांच्या फाटकांवर सुरक्षारक्षक आहेत आणि त्यांच्या पाळ्या लावून देणारेही गाडेकरच. म्हणजे माणूस निवृत्त झालाय, पण त्याची सुभेदारी काही निवृत्त झालेली नाही.

"साहेब, फक्त दोन दिस थांबणार?" त्यांनी विचारलं.

"दोनच," हे म्हणाले. "परवा सकाळी दोर झाला की निघू."

"झाला की निघू" हे ज्या स्वरात म्हटलं गेलं तो मी ओळखते. दाढ काढायला निघालेला माणूस तसा बोलतो.

दुसऱ्या दिवशी म्हस्केच्या वावरात हुरडा होता. आमच्याकडे हुरडा म्हणजे चार माणसं, चार कणसं आणि गप्पा फार. इथं आगटी पेटली ती न्हाणीघराएवढी. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळायची, आणि हिरवेगार दाणे समोरच्याच्या पुढ्यात टाकायचे. सोबत लसणाची कोरडी चटणी, दही, गूळ, बोरं. आम्ही साताऱ्याची माणसं तिखटाच्या बाबतीत स्वतःला शहाणी समजतो. त्या चटणीने माझं ते शहाणपण पहिल्या घासाला उतरवलं. डोळ्यांतून पाणी आलं तर समोरचा एक हवालदार म्हणाला, "मेमसाब, दही घ्या. ती चटणी पाव्हण्यासाठी नाय, दुश्मनासाठी हाय."

बावीस माणसं जमली होती. साठीच्या आगेमागेची, पोटं सुटलेली, केस काळे केलेली. हे आले तसे सगळे ताडकन उभे राहिले. म्हस्के सगळ्यांत शेवटी उभा होता. पन्नाशी ओलांडलेला, काटक, कोशा पटका बांधलेला. पँटमुळे नकली पाय दिसत नव्हता. त्याने सलाम ठोकला. ह्यांनी सलाम घेतला, "बरा आहेस?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या माणसाकडे वळले. पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी एवढंच! मला तिथल्या तिथे ह्यांना चिमटा काढावासा वाटला.

दिवसभर हे तसेच वागले. सगळ्यांशी बोलत होते, पोरांची लग्नं, पाऊसपाणी, पेन्शन. म्हस्के जवळ येऊन बसला की ह्यांना आगटी बघायला उठायचं असायचं. म्हस्के मात्र खूश. कणसं चोळून चोळून ह्यांच्या पुढ्यात ढीग लावत होता, आणि हे न बघता खात होते.

दुपारी मी घराकडे गेले. म्हस्केची बायको चंद्रकला पाठीमागच्या चुलीवर पिठलं घोटत होती. मी हात धुवायला मोरीकडे गेले, तिथं दोरीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या वाळत होत्या. धुतलेल्या, पण डाग तसेच राहिलेले. इतकी वर्षं फौजेच्या वसाहतींत काढलेल्या बाईला रक्ताचा डाग सांगावा लागत नाही.

"कुणाला लागलंय?" मी विचारलं.

तिने आधी चूल फुंकली. मग म्हणाली, "चार महिने झाले, बाई. रोज सकाळी बैलाच्या दोराला बाभळीचा ओंडका बांधायचा अन् बांधावरून ओढायचा. सराव म्हणं. पाय पार सोलून निघाला हाय. त्या नकली पायाच्या वाटीत घासतो ना."

"आणि तू करू दिलंस?"

"माझं ऐकतेत का? तुमचे ऐकतेत का?"

मग तिने पदराने हात पुसले आणि माझं मनगट धरलं. "साहेबाला सांगू नगा. सांगितलं तर साहेब उद्या दोर धरू देणार नाहीत. लई वर्सं हे मानूस म्हणतंय, माझ्यापायी साहेब पायी गेले. लोकाच्या लग्नात जात नाय, पलटणीची मानसं आली तर वावरात जाऊन बसायचं. ह्या दोरापायी उठून उभं राह्यलंय. सांगू नगा."

मी हो म्हटलं. मान हलवून म्हटलं, पण म्हटलं.

पाय तपासणी

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी तो शब्द मोडला.

रात्री मी पुष्कळ विचार केला होता. सांगावं तर चंद्रकलेचा विश्वास जातो आणि म्हस्केची एवढ्या वर्षांची आस जाते. न सांगावं तर तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत उरलेल्या पायाची वाट लावणार, आणि ते कधीतरी ह्यांना कळलं की आमचा माणूस दुसऱ्यांदा तेच ओझं घेऊन घरी येणार. इकडे आड तिकडे विहीर. शेवटी मला एकच गोष्ट आठवली. ह्यांच्यावर जवान जीव का टाकायचे, ती.

हे गोड बोलणारे साहेब कधीच नव्हते. फार कडक, शिक्षा द्यायला हात सैल. पण लांबच्या कूचनंतर सगळे तंबूत आडवे झाले की हे स्वतः जाऊन एकेकाचे पाय बघायचे. फोड किती, बोटांच्या मधे ओल आहे का, नखं नीट कापलीत का. पलटणीत ह्यांचं नाव होतं 'पायवाले साहेब'. एकदा मी नाक मुरडलं होतं, "हे काम डॉक्टरचं आहे, तुमचं नाही." तर म्हणाले, "मी त्यांना चालायला लावतो ना? मग पाय माझेच."

म्हणून सांगितलं. ह्यांनी कप खाली ठेवला. रागावले नाहीत. गाडेकरांना म्हणाले, "कोमट पाणी, टॉवेल आणि घरात असतील तेवढ्या पट्ट्या घ्या."

म्हस्केच्या अंगणात सगळी तयारी झाली होती. कुठून तरी पैदा केलेली जुनी उघडी जीप, झेंडूच्या माळा, आणि दोन पदरी दोर. गावातल्या बायका ओटीचं सामान घेऊन उभ्या होत्या. म्हस्के दोराच्या सगळ्यांत पुढच्या टोकाला, नवा सदरा घालून, हाताला माती चोळत. हे सरळ मधे जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता म्हस्केला बाजूला घेतील, झापतील. तसं काही झालं नाही.

"पलटण!" एवढ्या मोठ्याने हे सातारच्या कुंड्यांवरही ओरडत नाहीत. "पाय तपासणी! खाली बस!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गाडेकर सुभेदार खाली बसले आणि बुटाची नाडी सोडू लागले. बघता बघता बावीसच्या बावीस माणसं अंगणात रांगेने बसली. बूट निघाले, मोजे निघाले. गावातली माणसं तोंडाला हात लावून बघत होती. सत्तरीचा माणूस, गुडघ्यांत वंगण नाही म्हणून ज्याला घरात पाटावर बसायला मी विनवण्या करते, तो एकेकाच्या पुढ्यात गुडघे टेकून बसत होता आणि पाय मांडीवर घेऊन बघत होता.

"भेगा किती रे या? तेल लाव." "हे नख कुणी कापलं, कोयत्याने?" त्या चटणीवाल्या हवालदाराच्या तळव्याला बोटाने दाबून म्हणाले, "इथं कळतं का?"

"नाय कळत, साहेब."

"साखर कधी तपासली?"

"बायको म्हणती तपासू तपासू..."

"बायकोचं ऐक. उद्या तपासायची आणि मला येऊन सांगायचं." हे वाक्य मी लिहून ठेवलंय, घरी उपयोगी पडेल म्हणून.

रांगेच्या शेवटी म्हस्के बसला होता. त्याने एकच बूट काढला होता. धडधाकट पायाचा.

ह्यांनी तो पाय पाहिला. नीट होता. मग म्हणाले, "दुसरा."

"साहेब, तो तर..."

"पाय दाखव, म्हस्के."

म्हस्केने माझ्याकडे पाहिलं, मग चंद्रकलेकडे. चंद्रकलेने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. मग त्याने पँट वर सरकवली, पट्टे सोडले आणि नकली पाय काढून बाजूला ठेवला. खालची कातडी दोन ठिकाणी सोलून ओली झाली होती. ह्यांनी उरलेला पाय दोन्ही हातांत धरला. कोमट पाण्याने पुसला, टॉवेलने टिपला.

"आज दोर नाही," हे म्हणाले.

म्हस्केचा चेहरा पडला असं म्हणणं कमीच. तो लहान लेकरासारखा रडायला लागला. "साहेब, पंचीस वर्सं वाट बघितली. आज निघून गेलात तर पुन्हा येणार नाय तुमी. मला ठाव हाय. तुमी माझ्याकडं बघत बी नाय."

ह्यांनी टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "मी कुठं चाललोय? पाय बरा होईपर्यंत इथंच आहे." आणि माझ्याकडे वळून, जणू भाजी आणायला सांगावी तसं, "अगं, मुक्काम वाढला."

माझ्या बॅगेत दोन साड्या होत्या.

मुक्काम

त्याच दिवशी म्हस्केला शहरात डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस नकली पाय चढवायचा नाही, जखम कोरडी ठेवायची. मग पाय बनवणाऱ्या कारागिराकडे नेलं, त्याने वाटी तपासली आणि डोक्याला हात लावला. म्हस्के बारीक झाला होता आणि वाटी जुन्याच मापाची. आतून नवं अस्तर घालून द्यायचं ठरलं. गाडेकरांनी शेंद्र्याच्या पाळ्या पुन्हा उलटसुलट केल्या. "साहेब, लढाईला एवढं नियोजन नव्हतं लागत," म्हणाले.

चंद्रकला माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी गेले की ती गोठ्यात. मी तिची समजूत काढायला गेले नाही, कारण शब्द मी मोडला होता आणि तिचा राग रास्त होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडेकरांच्या दारात ती स्वतः आली, फडक्यात बांधलेले धपाटे घेऊन. "गरम हायेत तवर खा," म्हणाली आणि मागोमाग स्वतःचं एक नऊवारी लुगडं माझ्या मांडीवर टाकलं. "दोन लुगड्यांवर किती दिस काढताल?" आमचं भांडण तिथं मिटलं. ज्वारीच्या पिठाचे, कांदा-लसूण घातलेले ते धपाटे मी साताऱ्याला येऊन तीनदा केले. जमत नाहीत. तिकडच्या ज्वारीतच काहीतरी आहे, किंवा माझ्या हातात नाही.

रोज सकाळी हे म्हस्केच्या ओट्यावर जायचे आणि स्वतः पट्टी बदलायचे. पहिले दोन-तीन दिवस नुसतं, "दुखतं का?" "नाय." एवढंच. चौथ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तेव्हा हे म्हणत होते, "रस्ता मी बदलला होता, म्हस्के."

म्हस्केने बिडी कानामागून काढली, पेटवली नाही. "व्हय. बदलला. पन पाय तर म्या टाकला ना, साहेब? उजवीकडं टाकला असता तर काय झालं असतं? म्या बी लई इचार केला. वावरात बसून दुसरं काय काम होतं? शेवटी म्हनलं, जाऊ दे. साहेबाचा हुकूम, माझा पाय, अन् ज्यानं तो सुरुंग पेरला त्याचं काहीच नाय का?"

ह्यांनी पट्टीची गाठ त्या दिवशी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

दौलताबाद

मधल्या दिवसांत गाडेकरांनी आम्हांला दौलताबादचा किल्ला दाखवला. आमच्याकडचे किल्ले डोंगरावर बसलेले असतात. हा डोंगरच खालून तासून किल्ला केलेला. खंदक, मग कडा, मग काळोखी भुयारी वाट. तिथे वटवाघळांचा वास एवढा की मी तोंडाला पदर लावून पायऱ्या चढले आणि एका पायरीवर सपशेल बसले. कंबर अजून दुखते. हे मला उठवता उठवता वर बघत होते, "शत्रूला इथून तेल ओतत असणार." बायको पडली आहे आणि ह्यांचं लक्ष तेलाकडे.

वर वाऱ्याला बसल्यावर गाडेकरांनी गोष्ट सांगितली. दिल्लीच्या एका सुलतानाने राजधानी इथं आणायची ठरवली आणि अख्खी दिल्ली चालत इथं आणली. फौज, बायका, म्हातारे, सगळे. आमच्या शाळेच्या पुस्तकात ती वेडेपणाची गोष्ट म्हणून होती. ह्यांनी खालच्या सपाट रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढी माणसं चालवत आणली. त्यांचे पाय कुणी बघितले असतील का हो?"

गाडेकर हसले. "बघितले असते तर त्याला येडा म्हनले नसते, साहेब."

उतरल्यावर शहरात नान-खलिया खाल्ला. तोही त्या फौजेबरोबरच आला म्हणतात. जुन्या भागातल्या एका छोट्या हॉटेलात हळदीने पिवळा झालेला ताटाएवढा नान आणि वर तेलाची तर्री असलेला मटणाचा लाल रस्सा. फौजेला एकदम पोसायला खड्ड्यात कढया पुरून शिजवायचे, असं हॉटेलवाले चाचा सांगत होते. "बाई, ये लष्कर का खाना है. आरामसे बैठके खाने का, फिर लई चलने का." मी मटण बेताने खाणारी बाई, दीड नान खाल्ला. ह्यांनी दोन बांधून घेतले, म्हस्केसाठी.

दोर

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी जखम पाहून होकार दिला. मग नवं अस्तर घातलेला पाय म्हस्केने दोन दिवस घरात वापरून बघितला. अंतर हे स्वतः मोजून आले. अंगणापासून गावच्या कमानीपर्यंत दोनशे पावलं. "त्यापुढे एक पाऊल नाही," म्हणाले.

या वेळी फुलं तेवढी नवी होती. बाकी सगळं तेच, तोच दोर, तीच बावीस माणसं. चटणीवाला हवालदार साखर तपासून आला होता आणि चेहरा पाडून दूध-साखरेविना चहा पीत होता. जीपचं स्टिअरिंग ह्यांनी स्वतःकडे घेतलं. मी शेजारी बसले, चंद्रकलेच्या लुगड्यात, तिच्या हातचं कुंकू लावून. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या जागी बसायचं राहून गेलं होतं तिथं.

गाडेकरांनी हात वर केला. "बोला!" सगळ्यांनी जयघोष केला आणि दोर ताठ झाला.

जीप हलली नाही.

पुन्हा जोर लावला. बावीस माणसांच्या माना लाल झाल्या, चपला मातीत घासल्या. जीप जागची हलेना. "आरं, म्हातारे झालो का काय!" कुणीतरी ओरडलं. "हुरडा कमी खायचा व्हता!" दुसरा. बघणाऱ्या बायका हसू लागल्या. म्हस्के सगळ्यांत पुढे होता. त्याने नकली पाय मागे टेकून, अंग पुढे झोकून दिलं होतं. त्याची मान ताणलेली मला इथून दिसत होती.

मला वाटलं चाक खड्ड्यात आहे. म्हणून मी खाली वाकले, आणि दिसलं. ह्यांचा डावा हात हँडब्रेकवर होता. तो वर ओढलेला होता आणि हे तो घट्ट धरून बसले होते. डोळे म्हस्केच्या मातीत रुतलेल्या पायावर.

"अहो," मी हळू म्हटलं. "सोडा."

"त्याला लागेल गं."

"डॉक्टर हो म्हणालेत. तुम्ही दोनशे पावलं मोजलीत. सोडा आता."

हात हलला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या डोळ्यांत मी असं पाणी पाहिलं नव्हतं, ना मुलीच्या लग्नात, ना आईच्या वेळी. मग मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला, बटण दाबलं आणि दोघांच्या हातांनी तो ब्रेक खाली केला.

जीपने असा हिसका घेतला की पुढचे चार जण एकमेकांवर आपटले आणि गावभर हशा पिकला. मग ती चालली. हळू चालली, फार हळू. मला फौजेतल्या बायकांचं ते बोलणं आठवलं, वेगाचं. दोनशे पावलांना एवढा वेळ लागू शकतो हे मला माहीत नव्हतं. म्हस्के मागे वळून बघत होता, ओढत होता, पुन्हा वळून बघत होता, साहेब जीपमध्येच आहेत ना याची खात्री करत असावा.

कमानीपाशी दोर सैल झाला. रीत अशी की इथं साहेबाने उतरून सगळ्यांशी हात मिळवायचा आणि जायचं. हे उतरले. गाडेकर हात पुढे करून उभे होते, पण हे त्यांच्यापाशी थांबले नाहीत. सरळ म्हस्केपाशी गेले, त्याला जीपच्या पायरीवर बसवलं आणि समोर मातीत गुडघे टेकले.

"दाखव."

म्हस्के हसत होता आणि रडतही होता. त्याने पट्टे सोडले, पाय काढला. ह्यांनी पट्टी उलगडली, अंगठ्याने दाबून पाहिलं, मग बोट सगळीकडून फिरवलं, सावकाश, पूर्वी तंबूत फिरवायचे तसंच.

कातडी कोरडी होती.